याचनेच्या मिरवणुका : त्यांचा उगम व इतिहास

महोत्सवाच्या मिरवणुकीची तयारी चालू असतां आमच्या गायकवृंदांतील एका मुलानें मला विचारिलें, "फादर, वाटेनें जातांना ही इतकी लांबलचक लितानी कशाला? एखादें चालीवरचें गीत म्हटलें तर नाहीं का चालणार?" "जुनी रीत आहे, बाळ," एवढेंच सांगून मीं त्याला वाटेस लाविलें. परंतु रात्रीं तो प्रश्न मनांत घोळूं लागला. सेमिनरींत असतांना उपासनेच्या इतिहासाचें जें अध्ययन घडलें होतें त्याचीं टिपणें मीं कपाटांतून काढिलीं, आणि त्या बालकाला द्यावयाचें राहिलेलें उत्तर या स्मरणग्रंथांत देत आहें. उत्तर जरा लांबलें आहे. पण लितानीहून लांब नाहीं, इतकी वाचकांनीं खात्री बाळगावी.

प्रथम शब्दांचा विचार करूं. 'लितानी' हा शब्द मूळचा ग्रीक असून त्याचा अर्थ याचना, काकुळतीची विनवणी असा आहे. लॅटिन भाषेंत त्याच कामीं 'रोगात्सियो' हा शब्द वापरीत, व तो 'मागणें' या अर्थाच्या धातूपासून निघाला आहे. आज लितानी म्हटली कीं संतांच्या नांवांची माला आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु प्राचीन रोमांत लितानी म्हणजे तो मजकूर नव्हे, तर तें चालणेंच होय. एका मंदिरांत सर्वांनीं जमावें, तेथून क्रूस पुढें करून वाटेनें याचना करीत दुसऱ्या मंदिरापर्यंत जावें, आणि तेथें पवित्र मिस्सा अर्पण करावी, असा तो विधि होता. पवित्र साक्रामेंताची मिरवणूक आनंदाची असते. तींत फुलें, तोरणें व शुभ्र वस्त्रें शोभतात. याचनेची मिरवणूक तशी नव्हे. तींत धर्मगुरूच्या अंगावर जांभळीं वस्त्रें असत, लोक उपवास करीत, आणि कित्येक अनवाणी चालत. पंढरीची वाट चालणारे वारकरी ज्यांनीं पाहिले आहेत त्यांना पायीं चालणें हीच प्रार्थना कशी होते हें निराळें सांगावयास नको. भेद इतकाच कीं, वारकरी भेटीच्या ओढीनें निघतो, आणि या मिरवणुकींतील माणूस बहुधा संकटांत सांपडून मागावयास निघालेला असे.

रोमांत २५ एप्रिल रोजीं निघणाऱ्या अशा मिरवणुकीला 'थोरली लितानी' म्हणत. तिचा उगम शेतांत आहे. ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीं याच दिवशीं रोमन लोक रोबिगस नांवाच्या देवतेचा सण पाळीत, व तिला कुत्र्याचा बळी देत. ही देवता म्हणजे गव्हावर पडणारा तांबेरा होय. ज्यानें आपलें उभें पीक थोड्याच दिवसांत तांबड्या भुकटीनें माखून गेलेलें पाहिलें आहे, तो या सणाला हंसणार नाहीं. ख्रिस्तसभेनें शेतकऱ्याची ती भीति खोटी ठरविली नाहीं. भीति खरीच होती. हांक मात्र भलत्या दारीं मारली जात होती. संत लॉरेन्स यांच्या मंदिरांतून निघून फ्लामिनियन रस्त्यानें मिल्व्हियन पुलाकडे जावयाचें, आणि तेथून वळून संत पेत्राच्या मंदिरांत येऊन पोहोंचावयाचें, असा नव्या मिरवणुकीचा मार्ग होता. याच दिवशीं संत मार्क यांचा सण येतो, म्हणून ही मिरवणूक त्यांच्या सन्मानार्थ आहे असें पुष्कळांस वाटे. विद्यार्थिदशेंत मलाही तसेंच वाटत असे. वस्तुतः तो सण मागाहून त्या दिवसावर आला. दोहोंचा परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं.

दुसरी परंपरा गॉल देशांतील, म्हणजे आजच्या फ्रान्समधील, व्हिएन या नगराची आहे. (ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना ती ही नव्हे.) इ. स. ४७० च्या सुमारास तेथें मामेर्तुस या नांवाचे महागुरु होते. पश्चिमेकडील रोमन साम्राज्य मोडकळीस आलें होतें. त्यांतच भूकंपाचे धक्के बसूं लागले, वरचेवर आगी लागूं लागल्या, आणि रानांतील हरिणें भर चौकांत येऊन उभीं राहूं लागलीं. माणसांची छाती दडपून गेली. पुनरुत्थानाच्या आदल्या रात्रीं सर्व नगर मंदिरांत जमलें असतां टेकडीवरील एका सार्वजनिक वाड्यानें पेट घेतला. आपापलीं घरें वांचविण्यासाठीं लोक बाहेर धांवले. महागुरु मात्र वेदीपुढें एकटेच राहिले, व आग विझेपर्यंत तेथून हलले नाहींत. त्या रात्रीं त्यांच्या मनांत जो संकल्प आला तोच पुढें प्रत्यक्षांत उतरला : स्वर्गारोहणाच्या सणापूर्वींचे तीन दिवस सर्व नगरानें उपवास करावा, पापांबद्दल पश्चात्ताप करावा, व याचना करीत नगराबाहेर चालत जावें.

त्या पहिल्या मिरवणुकीची एक हकिकत मामेर्तुस यांच्या गादीवर पुढें बसलेले महागुरु अव्हितुस यांनीं आपल्या प्रवचनांत नमूद केली आहे. ती मला फार आवडते. नगरांतील प्रतिष्ठित मंडळी या नव्या उपक्रमाला कितपत साथ देतील याची मामेर्तुस यांना शंका होती. म्हणून त्यांनीं पहिल्या दिवसाचा मुक्काम तटाला अगदीं लागून असलेल्या मंदिरांत ठेविला. वाट आंखूड असली तर थोडे तरी लोक शेवटपर्यंत टिकतील, हा हेतु. प्रत्यक्षांत लोटलेला समुदाय व त्याची कळकळ पाहतां ती वाट फारच तोकडी ठरली, आणि दुसऱ्या दिवसापासून ती लांबवावी लागली. संतपदास पोहोंचलेल्या त्या पुरुषालाही, लोक येतील कीं नाहींत, ही धास्ती होती, हें वाचून कोणत्या धर्मग्रामाच्या पुरोहिताला दिलासा मिळणार नाहीं?

याच्या आधीं अशा मिरवणुका निघतच नव्हत्या असें नाहीं. क्लेर्मों येथील महागुरु सिदोनियुस यांनीं आपल्या एका स्नेह्यास लिहिलेल्या पत्रांत त्यांचें वर्णन आहे, व तें बरेंच बोंचरें आहे. पूर्वींच्या त्या याचना कोमट असत, कोणी येई कोणी न येई, लोक जांभया देत, आणि मध्येंच जेवणाची वेळ होऊन सर्व पांगत. मागणें तरी काय, तर कधीं पाऊस, कधीं उघाड. अशा मागण्यासाठीं कुंभारानें व माळ्यानें एकत्र येणें योग्यच नव्हतें, असें सिदोनियुस म्हणतात. आपल्याकडे एक मुलगी माळ्याच्या घरीं व दुसरी कुंभाराच्या घरीं दिलेल्या बापाची गोष्ट आजीबाई नातवंडांना सांगतात. तोच पेंच पंधराशें वर्षांपूर्वीं त्या दूरच्या देशांतील एका विद्वान् महागुरूला दिसला होता, याची मला मोठी मौज वाटली.

मामेर्तुस यांनीं काय बदललें, तें येथें स्पष्ट होतें. माळ्यानें पाऊस मागावा व कुंभारानें ऊन मागावें, हें त्यांनीं बंद पाडलें असें नव्हे. परंतु दोघांच्या तोंडीं त्याआधीं एक समाईक मागणें घातलें, आणि तें म्हणजे दयेचें. लितानीची रचनाही याच धोरणाची आहे. पुढें चालणारा गायक एक नांव किंवा एक संकट उच्चारतो, आणि सर्व समुदाय ठरावीक उत्तर देतो. उत्तर इतकें लहान कीं, निरक्षराला तें पहिल्याच फेरींत पाठ होतें. इतकें सारखें कीं, पायांच्या ठेक्यावर तें सहज बसतें. आणि तें श्रीमंताचें व गरिबाचें एकच असतें. माझ्या बालमित्राच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर हें आहे. चालीवरचें गीत गातांना ज्याचा गळा बरा तो पुढें सरतो. लितानींत गळा लागत नाहीं.

सिदोनियुस यांनीं ही याचना आपल्या क्लेर्मों नगरांत आणिली. त्या वेळीं युरिक राजाचे व्हिसिगोथ सैनिक नगराला वेढा घालून होते. तट अर्धवट जळलेला, धान्य सरत आलेलें. अशा स्थितींत आम्हांला तटाचा नव्हे, तर तुम्ही घालून दिलेल्या या याचनांचाच आधार आहे, अशा आशयाचें पत्र त्यांनीं मामेर्तुस यांना लिहिलें. पुढें काय घडलें? इ. स. ४७५ मध्यें रोमन बादशहानें तह करून तो सारा प्रांत युरिक राजाला देऊन टाकिला. ज्यांनीं वर्षांमागून वर्षें वेढा सोसला त्यांना कोणी विचारलेंही नाहीं. सिदोनियुस यांना कांहीं काळ एका किल्ल्यांत बंदिवास भोगावा लागला.

हा भाग धार्मिक पुस्तकांतून सहसा सांगितला जात नाहीं. मामेर्तुस यांच्या आगीची कथा सर्वांना ठाऊक असते, कारण ती विझली; क्लेर्मोंची कोणी काढीत नाहीं, कारण तें पडलें. परंतु माझ्या दृष्टीनें दुसरी कथा पहिलीइतकीच मोलाची आहे. नगर हातचें गेल्यावरही गॉलमधील लोकांनीं या तीन दिवसांची याचना सोडिली नाहीं. इ. स. ५११ मध्यें ऑर्लेआं येथील धर्मपरिषदेनें ती सर्व देशभर पाळावी असें ठरविलें, आणि त्या ठरावांत एक विलक्षण कलम आहे : या तीन दिवसांत दास व दासी यांना सर्व कामांतून मोकळें करावें, म्हणजे सगळा लोकसमुदाय एकत्र जमूं शकेल. ज्या काळीं दासाच्या देहावर धन्याची पूर्ण सत्ता चाले, त्या काळचें हें कलम आहे. मालक पुढें प्रार्थनेला गेला आहे आणि दास मागें दळीत बसला आहे, अशी याचना त्या महागुरूंना अपुरी वाटली.

आतां पुन्हां रोमाकडे वळूं. इ. स. ५८९ च्या नोव्हेंबरांत तैबर नदीला असा पूर आला कीं, ख्रिस्तसभेचीं धान्याचीं कोठारें वाहून गेलीं. त्यामागून गांठीची सांथ आली, व तिच्या पहिल्या बळींत परमगुरु दुसरे पेलागियुस हे होते. लोकांनीं ग्रेगरी या डीकनची निवड केली. ग्रेगरींना तें पद नको होतें, आणि त्यांचा अभिषेकही अद्याप झाला नव्हता. तरी त्यांनीं सांथीच्या त्या दिवसांत लोकांपुढें प्रवचन केलें व सात अंगांची लितानी जाहीर केली. नगराच्या सात मंदिरांतून सात समुदाय निघावयाचे : एकांत धर्मगुरु व सेवकवर्ग, दुसऱ्यांत मठवासी, तिसऱ्यांत संन्यासिनी, चौथ्यांत मुलें, पांचव्यांत पुरुषवर्ग, सहाव्यांत विधवा, सातव्यांत विवाहित स्त्रिया. सर्वांनीं पवित्र मरियेच्या थोर मंदिरांत येऊन मिळावयाचें. विधवांचा व मुलांचा समुदाय निराळा असावा हें मला लक्षांत घेण्याजोगें वाटतें. एरवीं गर्दींत मागें ढकललीं जाणारीं हीं माणसें त्या दिवशीं आपल्या स्वतःच्या क्रूसामागून चालत होतीं.

तूर येथील महागुरूंचा एक डीकन त्या वेळीं रोमांत होता. त्यानें डोळ्यांनीं पाहिलेली हकिकत त्याच्या महागुरूंनीं, म्हणजे इतिहासकार तूरचे ग्रेगरी यांनीं, लिहून ठेविली आहे. लोक 'किरिये एलेइसोन' असें आक्रंदत चालले असतां एका तासाच्या अवधींत ऐशीं माणसें रस्त्यांतच कोसळून मेलीं. तरीही ग्रेगरी, याचना थांबवूं नका, असेंच लोकांना सांगत राहिले.

रोमांतील हाद्रियन बादशहाच्या समाधीवर देवदूत प्रकट झाला व त्यानें आपली तलवार म्यानांत घातली, अशी आख्यायिका आपण सर्वांनीं ऐकली आहे. त्या वास्तूला आज 'पवित्र देवदूताचा किल्ला' म्हणतात, आणि तिच्या माथ्यावर तरवार म्यान करणाऱ्या दूताची अठराव्या शतकांतील कांस्यमूर्ति उभी आहे. आख्यायिका सुंदर आहे. परंतु तूरच्या ग्रेगरींच्या वृत्तांतांत तिचा मागमूस नाहीं. ती पुष्कळ शतकांनंतरच्या लेखनांत दिसूं लागते. डीकननें पाहिला तो देवदूत नव्हे. त्यानें पाहिलीं तीं ऐशीं प्रेतें, आणि त्यांना ओलांडून पुढें जाणारे लोक. आमच्या प्रभूनें गेथसेमनींत जें मागितलें तें ज्या रूपानें मागितलें त्या रूपानें मिळालें नाहीं, हें ते लोक जाणून होते असें मला वाटतें.

गॉलची ही तीन दिवसांची रीत परमगुरु तिसरे लिओ यांनीं इ. स. ८०० च्या सुमारास रोमांतही सुरू केली. तिला 'धाकटी लितानी' हें नांव पडलें. ती युरोपभर पसरली, आणि जें जें पसरतें त्याला जडतात ते दोषही तिला जडले. इ. स. ७४७ मध्यें इंग्लंडांतील क्लोव्हशो येथील परिषदेला, या दिवसांत खेळ, घोड्यांच्या शर्यती व मेजवान्या करूं नयेत, असें बजवावें लागलें. (आमच्या मिरवणुकींत मोबाइल उंच धरून उलटे चालणारे तरुण पाहिले कीं मला ती परिषद आठवते.) मध्ययुगांत कित्येक ठिकाणीं लांब शेंपटीचा एक कापडी अजगर मिरवीत. पहिले दोन दिवस तो क्रूसाच्या पुढें चाले. तिसऱ्या दिवशीं शेंपूट गळलेला असा तो सर्वांच्या मागून येई. सैतानाचा पराभव मुलांना समजावून देण्याची ही युक्ति कोणाच्याही प्रवचनापेक्षां प्रभावी ठरली असेल यांत शंका नाहीं.

इंग्लंड रोमापासून विभक्त झाल्यावर तेथील बहुतेक मिरवणुका बंद पडल्या, पण ही टिकली. कारण तिच्या निमित्तानें धर्मग्रामाच्या शिवेची पाहणी होई. जॉर्ज हर्बर्ट हे आपल्या ख्रिस्तसभेचे नव्हेत, परंतु भले पाद्री होते. त्यांचें ग्रामीण पाळकाविषयींचें पुस्तक इ. स. १६५२ मध्यें, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालें. त्यांत त्यांनीं या मिरवणुकीचे चार लाभ सांगितले आहेत : पिकांवर आशीर्वाद, शिवेच्या बाबतींत न्याय, एकत्र चालतांना आपसांतील तंटे मिटणें, आणि गोरगरिबांना दान. ज्या गांवांत बांधावरून दोन सख्ख्या भावांचें बोलणें वर्षानुवर्षें तुटतें, त्या गांवच्या पुरोहिताला यांतील दुसरा व तिसरा लाभ विशेष पटेल. ज्याच्याशीं बोलणें नाहीं त्याच्याच बांधावरून, त्याच्याच शेजारीं, दयेचें एकच उत्तर देत चालावें लागतें. सर्वांचीच मनें वितळतात असें माझें म्हणणें नाहीं. पण माझ्या डोळ्यांदेखत एकदां तसें घडलें आहे.

यापुढील प्रकरण मिलान शहराचें, आणि तें लिहिण्यास मन कचरतें. इ. स. १५७६ मध्यें तेथें प्लेग उद्भवला. गव्हर्नर शहर सोडून गेला. कार्डिनल संत चार्ल्स बोर्रोमेओ राहिले. ऑक्टोबराच्या आरंभीं त्यांनीं तीन मिरवणुका काढिल्या. स्वतः अनवाणी, गळ्यांत अपराध्याप्रमाणें दोर, हातांत प्रभूच्या खिळ्याचा अवशेष बसविलेला क्रूस, असे ते चालले. गर्दीनें रोग फैलावेल अशी आरोग्याधिकाऱ्यांची हरकत होती, व ती निराधार नव्हती. त्याच महिन्याच्या अखेरीस सर्व लोकांना घरांत कोंडून राहण्याचा हुकूम निघाला. तेव्हां चार्ल्स यांनीं चौकाचौकांत वेद्या उभारविल्या, म्हणजे खिडकींतून लोकांना मिस्सा दिसावी. दिवसांतून सात वेळां घंटा होई, आणि आपापल्या खिडकींत व उंबऱ्यांत उभे राहून सगळे मोहल्ले आळीपाळीनें लितानी म्हणत. पाय बांधले गेले होते. तरी मिरवणूक, माझ्या मतें, चालूच होती.

चोपन्न वर्षांनीं त्याच गादीवर चार्ल्स यांचे चुलत बंधु फेदेरिको बोर्रोमेओ असतां पुन्हां प्लेग आला. शहराच्या कारभाऱ्यांनीं संत चार्ल्स यांचा देह मिरवावा अशी मागणी केली. फेदेरिको यांनीं प्रथम नकार दिला. मनुष्यांचे थवे जमले तर रोग वाढेल, हें ते जाणत होते. पण आग्रह वाढतच गेला, आणि ते नमले. ११ जून १६३० रोजीं सारें शहर रस्त्यावर लोटलें, व त्यानंतर मृत्यूंची संख्या भराभर चढत गेली. धर्मनिष्ठ कॅथोलिक कादंबरीकार मांत्सोनी यांनीं आपल्या १८२७ मधील प्रसिद्ध कादंबरींत ही हकिकत कसलाही आडपडदा न ठेवतां वर्णिली आहे. त्याहून भयंकर तें पुढेंच. दोष गर्दीचा असें म्हणण्याऐवजीं लोक, कोणी तरी भिंतींना विषारी लेप लावीत फिरतो, असें म्हणूं लागले. आणि पियात्सा व मोरा या दोन निरपराध माणसांना हालहाल करून ठार मारण्यांत आलें.

याचनेला तोडगा समजलें म्हणजे काय होतें, हें येथें दिसतें. तोडगा चालला नाहीं कीं मनुष्य अपराधी शोधूं लागतो. रोमांतील ग्रेगरींच्या लोकांनीं ऐशीं जण पडले तेव्हां कोणावर बोट रोखलें नाहीं. मिलानच्या लोकांनीं रोखलें. दोन्ही मिरवणुकींतील प्रार्थना सारखीच असेल. फेदेरिको थोर अंतःकरणाचे पुरुष होते, हें इतिहास मान्य करितो. परंतु त्या एका प्रसंगीं त्यांनीं आपल्या विवेकाऐवजीं लोकांच्या भीतीचें ऐकिलें, असें म्हणणें मला भाग आहे. मी त्यांच्या जागीं असतों तर नमलों नसतों, असें मात्र छाती ठोकून सांगवत नाहीं.

आपल्या मुंबईलाही ही परीक्षा चुकली नाहीं. इ. स. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत प्लेग शिरला, व तो ओळखणारे डॉक्टर आकासियो व्हिएगस हे गोंव्याच्या मातीतले ख्रिस्ती गृहस्थ होते. त्या वर्षांत व पुढें वांद्रें, गिरगांव, माझगांव इत्यादि भागांतील वाड्यावस्त्यांवर लोकांनीं ठिकठिकाणीं क्रूस उभारिले. जुनीं माणसें त्यांना प्लेगचे क्रूस म्हणत. कित्येकांवर तीं सालें कोरलेलीं आजही वाचतां येतात. मे महिन्यांत संध्याकाळीं त्यांना हार घालून शेजारपाजारचे लोक लितानी म्हणतात. मांडवीच्या त्या डॉक्टरांचें निदान आणि वाडीच्या तोंडचा तो क्रूस, या दोहोंत विरोध आहे असें मला कधीं वाटलें नाहीं.

इ. स. १९६९ मध्यें उपासनेचें पंचांग सुधारलें गेलें, तेव्हां २५ एप्रिलची थोरली लितानी त्यांतून निघाली. धाकट्या लितानीचे दिवस केव्हां व कसे पाळावे हें त्या त्या देशाच्या महागुरूंच्या मंडळावर सोंपविण्यांत आलें. पुष्कळ ठिकाणीं याचा परिणाम ती रीत विसरली जाण्यांत झाला, आणि त्याची मला खंत आहे. पण सोंपविण्यामागचा विचार बरोबर होता. युरोपांत एप्रिल-मे महिन्यांत गहूं कोंवळा असतो. आपल्याकडे त्या वेळीं शेत नांगरून पडलेलें असतें आणि शेतकरी मृगाची वाट पाहत असतो. आपला शेतकरी काय मागणार, आणि कोणत्या आठवड्यांत मागणार, हें रोमाला कोठून कळावें? मुंबई-साष्टीकडील ईस्ट इंडियन बांधवांचा आगेरा हा सण ऑक्टोबराच्या आरंभीं येतो, व त्यांत भाताच्या नव्या लोंब्या मिरवीत मंदिरांत आणितात. तो त्या मातीचा सण आहे, म्हणूनच तो टिकून आहे.

मग इ. स. २०२० उजाडलें. २७ मार्चच्या संध्याकाळीं संत पेत्राच्या विस्तीर्ण चौकांत, भर पावसांत, पोप फ्रान्सिस एकटेच उभे होते. त्यांच्या मागें संत मार्सेल्लो यांच्या मंदिरांतील लांकडी क्रूस ठेविला होता. हाच क्रूस १५२२ च्या प्लेगांत रोमांतील लोकांनीं सोळा दिवस गल्लोगल्लीं फिरविला होता. त्या वेळीं क्रूसाभोंवतीं सारें शहर होतें; या वेळीं चौक रिकामा होता, आणि तो रिकामा ठेवणें हेंच शेजाऱ्यावरील प्रेम होतें. मिलानचा धडा शिकावयास ख्रिस्तसभेला चारशें वर्षें लागलीं, असें कोणी म्हटलें तर मी वाद घालणार नाहीं.

त्या वर्षीं २५ एप्रिलला, शनिवारीं, आमचेंही मंदिर बंद होतें. मीं आंतून कडी लावून, रिकाम्या बांकांमधून क्रूस हातीं घेऊन, सर्व संतांची लितानी म्हणत फिरलों. नांव मीच उच्चारावयाचें व उत्तरही मीच द्यावयाचें. चार-पांच नांवांनंतर माझा आवाज मलाच परका वाटूं लागला. लितानी एकट्यानें पुरी करतां येते, पण ती एकट्यासाठीं घडलेली नाहीं, हें पंचवीस वर्षें धर्मगुरु राहून मला त्या दिवशीं उमगलें. त्या सांथींत या धर्मग्रामांतील ज्यांना आम्हीं चार माणसांनीं घाईनें मूठमाती दिली, त्यांच्यामागून कोणतीच मिरवणूक गेली नाहीं.

म्हणून यंदां महोत्सवाच्या आदल्या संध्याकाळीं, सनया-ताशांच्या थाटाच्या मिरवणुकीपूर्वीं, आपण एक साधी याचनेची मिरवणूक काढणार आहों. तींत त्या सर्वांचीं नांवें वाचलीं जातील, आणि पावसासाठीं मागणें होईल. वाजंत्री नाहीं, रोषणाई नाहीं. विधवा व लहान मुलें यांचे समुदाय आपापल्या क्रूसामागून पुढें चालतील. ज्यांच्या घरीं कामाला गडीमाणसें आहेत त्यांनीं त्या संध्याकाळीं त्यांना मोकळें सोडावें, अशी माझी विनंती आहे. लितानीचीं नांवें आमच्या त्या प्रश्न विचारणाऱ्या गायकबाळानें उच्चारावयाचीं आहेत. त्याचा सराव चालू आहे.

मार्ग मंदिरापासून ओढ्याजवळच्या जुन्या क्रूसापर्यंत, एवढाच ठेविला आहे. ऊन फार असतें, वृद्ध मंडळी येणार, आणि किती लोक जमतील याचा मला अंदाज नाहीं. वाट तोकडी पडली तर तेथून पुढें शेतांच्या बांधाबांधानें खालच्या आळीपर्यंत जातां येईल. तिकडची पायवाट साफ करून ठेवण्यास मीं सांगितलें आहे.